भिंगरीचं मनगट

सोमवार, ३ मार्च

पोरं झोपली. म्हणजे बाकीची झोपली आणि आमचा गोबऱ्या गालांचा फुगा छताकडे बघत पडलाय, पण गप्प आहे, तेवढं मला पुरे. पाळणाघर काढल्यापासून दिवसातला हा एवढाच वेळ माझा असतो, आणि तो मी ह्या वहीत घालवते. कारखान्याचं ऑफिस बंद पडलं तेव्हा मी घरात बसून भिंतींशी भांडत होते. पुढच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या, म्हटलं पोरं सांभाळू. हे म्हणाले, "तुला मोठी माणसं सांभाळता येत नाहीत, पोरं काय सांभाळणार?" आणि मग तेच बस डेपोतून सुटीच्या दिवशी येऊन खिडक्यांना जाळ्या ठोकून गेले. आमच्या ह्यांचं असंच. तोंडाने नाही म्हणायचं आणि हातात हातोडी घ्यायची.

ह्यांच्या थोरल्या बहीण, म्हणजे वन्सं, मागच्या गल्लीत राहतात. सकाळी येऊन दूध तापवतात, फळं चिरतात, कपबश्या विसळतात. कामाला वाघ आहेत. तोंड मात्र उघडा नळ.

आज नवी मुलगी आली. चार वर्षांची, कालव्यापलीकडची. कालवा खणायला ह्या लोकांच्या आजोबा-पणजोबांना आणलं होतं, ते मग पलीकडच्या काठावरच राहिले. काळाभोर रंग, दाट कुरळे केस. कामाला आपल्या बाजूला येतात, संध्याकाळी पूल ओलांडून परत. हिची आई मागच्या रस्त्यावर नवी इमारत उठतेय तिथे क्रेन चालवते. क्रेन! मी तर बघतच राहिले. ती दारातच उभी राहून म्हणाली, "ताई, जागा आहे का?" मी लगेच हो म्हटलं. आमच्या घरात असलं काही नाही. माझी आई तर इतकी चांगली की त्या लोकांबद्दल तिच्या तोंडून वाईट शब्द मी कधी ऐकला नाही.

मुलीने अंगणात दोन्ही हात पसरून गरगर गिरक्या घेतल्या. आई म्हणाली, घरी हिला भिंगरीच म्हणतात. मी भिंगरीला मनगटाला धरून आत नेलं आणि खेळणी दाखवली.

स्वयंपाकघरातून वन्सं मोठ्याने म्हणाल्या, "आता ह्यांचीही पोरं का?" मी असे डोळे वटारले की त्यांच्या हातातली बशी पडली.

बुधवार, ५ मार्च

बागेत नेताना माझ्याकडे दोरी आहे. ह्यांनी करून दिली आहे. जाडजूड दोर, दोन्ही अंगांना कापडी कड्या शिवलेल्या. प्रत्येकाने आपली कडी धरायची, समोर जोडीदार, आणि सगळी वरात हलत डुलत रस्ता ओलांडते. भिंगरीला मात्र मी दोरीवर घेतलं नाही. नवीन आहे, बावरेल. तिला मी स्वतः धरून नेते. बाकीच्यांना हेवा वाटत असेल.

तिच्याशी मी अगदी सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलते. आज ती म्हणाली, "काकू, तुम्ही असं हळूहळू का बोलता? घसा दुखतो का?" लाघवी आहे पोर.

संध्याकाळी घरी जायच्या आधी सगळ्यांची तोंडं पुसायची असतात. खिडकीपाशी स्टूल टाकून बसते, पोरं एकेक करून येतात. भिंगरी शेवटी, कारण तिच्या आईची पाळी उशिरा सुटते.

सोमवार, १० मार्च

भिंगरीसाठी नवा कंगवा आणि लाल टॉवेल आणला. बाकीच्यांचे दोन निळे टॉवेल सगळ्यांत मिळून आहेत, पण हिचं हिचं असलेलं बरं. टॉवेलला टोकाला वेगळा खिळा ठोकला. वन्सं म्हणाल्या, "एवढे लाड?" म्हटलं, परक्या ठिकाणी आलेलं लेकरू आहे.

भिंगरीची आई ह्या आठवड्यापासून लवकर येते, चारलाच. त्यामुळे आज तोंड पुसायच्या वेळी तिला जरा थांबावं लागलं. मी घाई घाई करत होते, पण नंबर म्हणजे नंबर.

दुपारी लाकडी गाडी सापडेना. मी भिंगरीला जवळ घेऊन अगदी मऊ आवाजात विचारलं, "बाळा, चुकून तुझ्या पिशवीत तर नाही ना गेली?" ओरडले नाही. तिच्यावर मी आवाज चढवतच नाही. ती नाही म्हणाली. मग गाडी फुग्याच्या चड्डीत निघाली. फुग्यावर अशी खेकसले की रस्त्यावरचा कुत्रा उठून गेला. फुगा दोन मिनिटं भोकाड पसरून रडला आणि माझ्याच मांडीवर येऊन बसला. निर्लज्ज आहे. मला फार आवडतो.

शुक्रवार, १४ मार्च

आज जे झालं ते लिहिताना हात जड झालाय.

गोल करून खेळायचं होतं. सगळ्यांनी एकमेकांचे हात धरायचे. गोल झाला आणि त्यात खिंडार. भिंगरीच्या डाव्या बाजूला दिवसभर चिवचिवणारी आमची चिमणी, उजव्या बाजूला आमचे वकीलसाहेब. हा पाच वर्षांचा, प्रत्येक गोष्टीवर वाद घालतो म्हणून हे नाव. दोघांनीही हात मागे घेतलेले. मी म्हटलं, "अरे, धरा की हात." वकीलसाहेब शांतपणे म्हणाले, "तिचा हात धरायचा नसतो."

"कोणी सांगितलं तुला?"

"कोणी नाही. असं असतं."

त्याने हे इतक्या सहज सांगितलं, जसं एखाद्याने सांगावं की चुलीला हात लावायचा नसतो. चिमणीने मान डोलावली. आणि भिंगरीने काय करावं? स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे नेले आणि उभी राहिली. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

माझ्या घरात! माझ्या डोळ्यांदेखत! कोणीतरी ह्या पोरांच्या कानात विष ओततंय.

सोमवार, १७ मार्च

भिंगरीची आई आज पोरीला जवळजवळ उचलूनच घेऊन आली. सकाळी उठत नाही म्हणाली, दाराला धरून बसते. घरात गरगर फिरायची तेही बंद झालंय. मग बाजूला घेऊन मला म्हणाली, "ताई, महिनाअखेरपर्यंत बघते. नाहीतर काढते तिला."

"आणि तुमचं काम?"

"सोडायचं. दुसरं काय? घरी कोणी नाही बघायला."

पलीकडच्या काठावरून क्रेनवर चढलेली ही पहिली बाई. हे मला बांधकामावरच्या चहावाल्याने सांगितलं, तिने नाही. किती खटपट करून ती वर जाऊन बसली असेल, आणि माझ्या खोलीतल्या चार टीचभर पोरांमुळे तिने खाली उतरायचं? मला फार वाईट वाटलं. मी तिला धीर दिला. म्हटलं, "कोण शिकवतंय ते मी शोधून काढते. तुम्ही निर्धास्त राहा." ती माझ्याकडे नुसती बघत राहिली.

माझा पहिला संशय फुग्याच्या आजोबांवर. त्यांनी परवाच दारात विचारलं होतं, "आमचं तसं काही नाही हो, पण... पोरांचं सगळं एकत्रच असतं का?" मी ताडकन म्हटलं होतं, "काळजी करू नका, तिचा टॉवेल वेगळा आहे." अशा माणसांची तोंडं अशीच बंद करावी लागतात.

दुसरा संशय सांगायलाच नको. स्वयंपाकघरात उभा आहे आणि कप विसळतोय.

मंगळवार, १८ मार्च

वन्संना हाकललं. लिहून टाकते, म्हणजे उद्या मला माझंच कौतुक किंवा पश्चात्ताप, जे काय वाटायचं ते वाटेल.

झालं असं. दुपारी स्वयंपाकघरात गेले तर वन्सं पाटावर बसलेल्या, गुडघ्यांत भिंगरीला धरलेलं, आणि स्वतःच्या डोक्यातला कंगवा काढून तिचे केस विंचरताहेत. तोंड चालूच. "काय गं हे जंगल! कुठून आणलंस? ह्यात माझा कंगवा हरवला तर शोधायला तुझ्या आईची क्रेन आणावी लागेल." भिंगरी खिदळत होती. बिचारीला कळत नव्हतं की आपली थट्टा चाललीय.

मी म्हटलं, "वन्सं, पोरांसमोर हे काय बोलता? जंगल काय?"

"मग काय बाग म्हणू?"

"तुमच्या ह्या तोंडामुळेच पोरं तिला हात लावत नाहीत! उद्यापासून येऊ नका."

वन्सं उठल्या. कंगवा डोक्यात खोचला, चपला घातल्या. दारात म्हणाल्या, "मी नाही त्यातली, कडी लाव आतली." हे कुणाला उद्देशून, देव जाणे.

ह्यांना सांगितलं. हे जेवत होते, जेवतच राहिले. शेवटी म्हणाले, "दूध कोण तापवणार?"

शुक्रवार, २१ मार्च

दूध तीन वेळा उतू गेलं. नाकी नऊ आले आहेत.

पण आज मी मुळाशीच हात घातला. सगळ्यांना गोल बसवलं आणि समजावलं. रंगपेटी काढली, तपकिरी, काळा, गव्हाळ, गुलाबी सगळे रंग दाखवले, म्हटलं रंग वेगवेगळे असले तरी माणसं सारखीच. भिंगरीला मधोमध उभं केलं आणि एकेकाला पुढे बोलावून तिला मिठी मारायला लावली. वकीलसाहेब आले, दोन्ही हात अंगाला चिकटवून तिला खांद्याने टेकून गेले. फुग्याने "मला नको" म्हणून गळा काढला. चिमणी भिंगरीभोवती एक चक्कर मारून मला विचारते, "काकू, हिला काय झालंय? आजारी आहे का?"

चौथ्या मिठीला भिंगरी टेबलाखाली गेली. बाहेर येईना. मी वाकून, साखर पेरत, सोन्या राजा करत तासभर मनधरणी केली. शेवटी बाहेर आली ती तिच्या आईचा आवाज ऐकून.

ह्यांना सगळं सांगितलं तर म्हणतात, "तू पोरीला प्रदर्शनात मांडलंस." मी चिडले. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं? पण मग मला ते टेबलाखालचे दोन डोळे आठवत राहिले. मला काहीतरी चुकतंय हे कळतंय. काय चुकतंय ते कळत नाही.

सोमवार, २४ मार्च

वन्सं नाहीत. फुग्याचे आजोबा दारातूनच परत जातात. टीव्ही मी पाळणाघरात लावतच नाही. तरीही आज भिंगरी पाण्याच्या माठापाशी आली तर रांगेतली पोरं आपोआप बाजूला झाली. कोणी ढकललं नाही, कोणी बोललं नाही. जसं पाणी दगडाला वळसा घालतं तसं.

मग कोण?

मंगळवार, २५ मार्च

मला आज सगळं नीट लिहायचं आहे. 

बाहेर धूळवारा होता म्हणून बागेत गेलो नाही. पोरांनी आपापला खेळ मांडला, "पाळणाघर-पाळणाघर". चिमणी काकू झाली. मी खिडकीशी बसून मोजे रफू करत होते आणि हसून हसून माझी पुरेवाट होत होती. काय हुबेहूब करते कार्टी! कमरेवर हात. "अरे गाढवांनो, चपला जागेवर!" मग चष्मा नसताना चष्मा वर सरकवणं. मग फुग्याला, "तू रे, तुझं नाक म्हणजे नळ आहे का?" हे मी म्हणते. सगळं मीच म्हणते. मला वाटलं, ह्यांना बोलावून दाखवावं.

मग चिमणीने दोरी काढली. "चला, बागेत जायचंय. कड्या धरा." सगळ्यांनी धरल्या. भिंगरीनेही एक धरली. चिमणी लगेच म्हणाली, "तू नाही." आवाज एकदम बदलला, गोड झाला, हळू झाला. "तू... माझ्या... बरोबर... ये... हं... बाळा." आणि तिने भिंगरीला धरलं. हात नाही धरला. मनगट धरलं, दोन बोटं आणि अंगठा, बाहीच्या वरून. तशीच तिला दूर, अंगापासून लांब ठेवत खोलीभर चालवलं. मग स्टूलवर बसून सगळ्यांची तोंडं पुसली. फुग्याचं पुसलं, वकीलसाहेबांचं पुसलं. भिंगरी पुढे आली तर, "तू शेवटी." शेवटी लाल टॉवेल घेतला, चिमटीत, आणि झाल्यावर मोरीत जाऊन हात धुतले.

सुई माझ्या बोटात गेली होती. मला कळलंच नाही.

मी मनाशी म्हटलं, छे, ती पोर काहीतरी वाढवून करतेय. मनगट मी धरते कारण रस्ता ओलांडायचा असतो. पण रस्त्यात पळतो तो फुगा, आणि फुगा दोरीवर असतो. हात मी धुते कारण काम संपलेलं असतं. ती शेवटी असते कारण तिची आई उशिरा येते. पण तिची आई आता चारला येते.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. वन्संना घराबाहेर काढलं, एका म्हाताऱ्यावर पाळत ठेवली, पोरांना रंगपेटी दाखवली. आणि पोरं रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत माझ्या हातांकडे बघून शिकत होती. मी एक शब्द वाईट बोलले नाही. एकही नाही. म्हणूनच तर वकीलसाहेब म्हणाले, कोणी सांगितलं नाही.

आईची आठवण झाली. तीही कधी काही बोलली नाही. बाजारातून येताना समोरून कालव्यापलीकडचं कोणी आलं की ती मला एका हाताकडून दुसऱ्या हाताकडे घ्यायची, बस. बोलत बोलतच, गोष्ट न तोडता. मी कधी का म्हणून विचारलं नाही. तिनेही तिच्या आईला विचारलं नसेल. विचारायला काही असतं असं वाटलंच नसेल.

मला स्वतःची फार लाज वाटतेय.

बुधवार, २६ मार्च

आज भिंगरीच्या आईला सांगितलं. रात्रभर शब्द जुळवले होते, दारात एकही आठवला नाही. ती बगलेत हेल्मेट घेऊन उभी, भिंगरी ओट्यावर बसून बूट घालत होती. मी म्हटलं, "शोधत होते ना कोण शिकवतंय, ती मीच." आणि चिमणीचा सगळा खेळ सांगितला.

ती म्हणाली, "मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. तुम्ही तिला मनगटाला धरून आत नेलंत."

"मग बोलला का नाहीत?"

"एका ठिकाणी बोलून बघितलंय ताई. तिथं मी भांडखोर ठरले आणि पोर भांडखोर बाईची."

"पण मग इथे ठेवलीत कशी तिला?"

तिने खांदे उडवले. "ह्या रस्त्यावर अजून दोन जणी पोरं सांभाळतात. दोघींनी दारातूनच जागा नाही म्हणून सांगितलं. त्यांच्या मागे खोलीत पोरं दोनच दिसत होती. तुम्ही मनगट तरी धरलंत."

माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. तर ती चक्क वैतागली. "रडू नका हो. तुम्ही रडलात की तुमची समजूत मला घालावी लागणार, आणि मी दिवसभर वर बसून दमलेय." मी मुकाट्याने नाक पुसलं. विचारलं, "मग मी आता काय करू?"

"बाकीच्यांचं करता तेच करा. वेगळं काही नको. मिठ्या तर अजिबात नकोत."

"आणि महिनाअखेर?"

तिने भिंगरीकडे बघितलं. भिंगरीने डावा बूट उजव्या पायात घातला होता. "एक आठवडा आणखी बघते," ती म्हणाली. "तुमच्यासाठी नाही. क्रेनसाठी."

शुक्रवार, २८ मार्च

हाताला वळण लावणं फार अवघड असतं. दोन दिवस मी स्वतःवर पाळत ठेवून आहे. वेगळा टॉवेल बंद केला, तो लाल आता हात पुसायला सगळ्यांचा. तोंड पुसायला जो आधी येईल तो आधी. भिंगरीला दोरीवर चिमणीच्या समोरची कडी दिली. पण रस्ता ओलांडताना माझा हात तिच्याकडे गेलाच आणि गेला तो थेट मनगटाकडे. मी तो वाटेतून वळवून तिच्या तळव्यात घातला. तळवा घामट होता, सगळ्या पोरांचा असतो तसाच. मोरीकडे पाय वळले की मी स्वतःला विचारते, फुग्याला पुसून झाल्यावर जातेस का? फुग्याचं नाक बघता जायला हवं, पण जात नाही.

संध्याकाळी वन्संकडे गेले. त्या शेंगा सोलत होत्या. मला बघून टोपली पाठीमागे सरकवली, जणू मी शेंगा मागायला आले होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही बोलल्या नाहीत, म्हणजे किती रागावल्या असतील बघा.

"मी तेव्हाच ओळखलं होतं," त्या म्हणाल्या. "मी तोंडाने बोलते, तू हाताने करतेस."

"पण वन्सं, तोंडाचंही लागतं पोरांना. वकीलसाहेब परवा 'ही माणसं अशीच' म्हणाले. आवाज तुमचाच होता."

त्यांनी एक शेंग सोलून दाणे टोपलीऐवजी सालांत टाकले. "माझं तोंड साठ वर्षांचं आहे," म्हणाल्या. "ते आता काय वळणार?"

"माझे हात तरी कुठे कालचे आहेत? तुम्ही तोंड सांभाळा, मी हात सांभाळते. दोघी मिळून एक बरं माणूस होईल."

वन्सं हसल्या नाहीत. पण शेंगांची टोपली पुढे सरकवली आणि म्हणाल्या, "सोल मग. बसून काय राहिलीस?"

मंगळवार, १ एप्रिल

फुगा गेला. त्याच्या आजोबांनी दारात विचारलं, "टॉवेल वेगळा होता ना?" म्हटलं, "होता. आता नाही." ते बराच वेळ पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिले. "तसं काही नाही हो आमचं. पण इथून जरा लांब पडतं." दोन घरं सोडून राहतात. फुगा माझा गुडघा सोडत नव्हता. त्याला ओढून नेलं तेव्हा मला रडू आलं आणि ह्या खेपेला समजूत घालायलाही कोणी नव्हतं.

तो दुसरीकडे कुठेतरी जाईल आणि तिथेही कोणाच्या तरी हातांकडे बघेल. मी काय करू शकते? आजोबा वाईट नाहीत. मला दम्याचा त्रास झाला तेव्हा तेच रिक्षा घेऊन आले होते. हेच तर कळत नाही मला. वाईट माणसं असती तर एक वेळ ओळखता आली असती.

वन्सं आल्या. दिवसभरात जीभ चार वेळा चावली. मी मोजलं नाही, त्यांनीच सांगितलं.

चिमणी अजून कडी लांबून धरते. भिंगरी हल्ली टेबलाखाली जात नाही, टेबलाजवळ बसते.

शुक्रवार, ४ एप्रिल

आज आठवडा पुरा व्हायचा होता. मी सकाळपासून देव पाण्यात घालून बसले होते.

दुपारी स्वयंपाकघरात वन्संना केळी सोलून देत होते तर पुढच्या खोलीतून किंकाळी. धावत गेले. पुन्हा "पाळणाघर-पाळणाघर" मांडलेलं, आणि काकू कोण होणार ह्यावरून जुंपलेली. चिमणी आणि भिंगरी एकमेकींना मिठी मारून जमिनीवर लोळताहेत. मिठी कसली, कुस्ती! चिमणीने दोन्ही मुठींत भिंगरीचे केस धरलेले आणि भिंगरीने चिमणीच्या दंडात दात रोवलेले. वकीलसाहेब बाजूला उभे राहून दोघींना नियम समजावताहेत.

माझ्या तोंडून असा आवाज निघाला की वन्संनी सुरी टाकली. "भिंगरे! सोड तिला! सोडतेस की नाही? माणसं आहात का मांजरं? चिमणे, केस सोड! दोघी उठा! लाजा नाहीत वाटत? बसा त्या बाकावर, आणि जागेवरून हललात तर बघा!"

दोघींना दंडाला धरून बाकावर आदळलं. दोघींनी एकदम भोकाड पसरलं. मग मी भानावर आले आणि मला धडकी भरली. मी भिंगरीवर ओरडले होते. तिच्या आईने आज निकाल द्यायचा होता आणि आज मी तिच्या पोरीवर शेजारचे बाहेर येतील इतकी ओरडले होते. चिमणीच्या दंडावर दातांचा गोल उठला होता, खरा ठसठशीत. म्हणजे चिमणीही जाणार. म्हटलं, संपलं पाळणाघर, उद्यापासून पुन्हा भिंतींशी भांडायचं.

आधी चिमणीचीच आई आली. औषधांच्या दुकानात असते, जखम बघायची सवय. तिने दंड उजेडात धरला, मग बाकावरच्या भिंगरीकडे बघितलं.  वन्संनी तर पुढे येऊन तोंडही उघडलं होतं. मी त्यांचा पदर ओढला.

"आधी कोणी सुरुवात केली?" चिमणीच्या आईने विचारलं.

चिमणी हुंदके देत म्हणाली, "मी. मी तिचे केस ओढले."

"मग बरं झालं चावली," आई म्हणाली आणि पिशवीत मलम शोधायला लागली.

मी वळले तर फाटकापाशी भिंगरीची आई. कधीपासून उभी होती कोण जाणे. हेल्मेट तसंच डोक्यावर. माझ्याकडे बघत म्हणाली, "तुम्ही तिच्यावर ओरडलात."

"ओरडले," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू?

"पार कोपऱ्यावर ऐकू आलं."

"तिने चावलं. मी दोघींनाही झापलं. दुसरं कोणी असतं तरी झापलं असतं."

तिने आत बघितलं. बाकावर दोघी अजून रडतच होत्या, पण आता रडण्यात जीव नव्हता. हललात तर बघा म्हटलं होतं म्हणून जागच्या जागी बसल्या होत्या, एकमेकींना चिकटून. चिमणीने आपलं गळकं नाक भिंगरीच्या बाहीला पुसलं, चांगलं वरपासून खालपर्यंत. भिंगरीने बाही बघितली, चिमणीकडे बघितलं, आणि ओरडली, "काकूऽऽ! ही बघा काय करते!"

भिंगरीची आई हसायला लागली. एवढ्या दिवसांत मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं. हेल्मेट काढून ओट्यावर ठेवलं आणि टेकून हसत राहिली, इतकी की वन्संनी तिला पाणी आणून दिलं.

पाणी पिऊन तिने ओठ पुसले.

"सोमवारी माझी सातची पाळी आहे," ती म्हणाली. "पावणेसातला आणली तर चालेल?"